जी म्हणतानाचं माप

गप्प उभ्या राहिलेल्या माणसाच्या मापावर आमच्या मास्टरनं कधी कॉलर कापली नाही. गिऱ्हाईक दुकानात यायचं, कापड ठेवायचं, छाती पुढं काढून मान ताठ करायचं. मास्टर गळ्याभोवती टेप टाकायचा, टेपच्या आत एक बोट सरकवायचा आणि म्हणायचा, "हं, बोला आता."

"काय बोलू?"

"सायबासमोर जे बोलता ते."

गिऱ्हाईक इकडंतिकडं बघायचं. दुकान भर रस्त्यावर, समोर पानवाला, बाजूला किराणा. शेवटी खालच्या आवाजात "जी सरकार" म्हणायचं.

"असं न्हाई. सायेब चिडलेला हाय. कागद सापडून न्हाई राह्यला. आता म्हणा."

मग त्या माणसाला आपला साहेब आठवायचा आणि त्याचा गळा खरोखरच हलायचा. घाटी वर जायची, शिरा फुगायच्या, मान नकळत पुढं यायची. मास्टरचं बोट ते सगळं टिपून घ्यायचं. मग तो वही उघडायचा आणि नावापुढच्या दोन रकान्यांत दोन आकडे लिहायचा. पहिला गप्प, दुसरा जी. दोन्हींत बहुतेक पाव इंचाचा फरक निघायचा. कॉलर दुसऱ्या आकड्यावर कापली जायची.

तुम्ही म्हणाल, म्हातारा रचून सांगतोय. अहो, रचून लिहिण्याची अक्कल मला असती तर मी तहसीलदार होऊन रिटायर झालो असतो. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी दोन वर्षं भाड्यानं राहिलो. मधल्या भिंतीला एक खिडकी होती आणि तिला दार नव्हतं. दिवसातून पाच-सहा वेळा "जी सरकार" माझ्या कानावर पडायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

गाव कोणतं ते सांगत नाही. जालन्याहून बैलगाडीनं एका दिवसाची वाट, तालुक्याचं ठिकाण, निजामाचं राज्य, एवढं पुरे. त्या कचेरीत तेव्हा बसलेल्यांची नातवंडं अजून तिथंच आहेत आणि मला लग्नाकार्याला बोलावतात. मी मूळचा आष्टीचा. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं, हीच माझी एकुलती एक इस्टेट. सगळा कारभार उर्दूत, म्हणून मला तहसील कचेरीत उमेदवार म्हणून घेतलं होतं. उमेदवार म्हणजे कारकुनाचं सगळं काम करायचं आणि पगार कारकुनानं घ्यायचा. अशी दोन-तीन वर्षं काढली, साहेबाची मर्जी बसली, की हुकूम निघायचा आणि माणूस कायम व्हायचा. कायम झाला की अंगावर शेरवानी यायची. तोवर शर्टावर काळा कोट.

माझं सगळं त्या हुकुमावर अडलेलं होतं. तीर्थपुरीच्या एका घरची मुलगी मला ठरली होती. तिच्या वडिलांनी सुपारी फोडली आणि लगेच सांगितलं, "पोराच्या अंगावर शेरवानी आली, की तारीख काढू." शेरवानी नाही तर तारीख नाही, आणि माणूस शब्दाचा पक्का, नको तितका पक्का. मुलगी मी एकदाच बघितली होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमी कचेरीत काय लिहिता?" मी म्हणालो, "जे असतं ते." तिनं मान हलवली आणि आत गेली. त्या मान हलवण्यावर मी दीड वर्ष काढलं.

मास्टर अंगानं वाळका, रंगानं काळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जातीनं शिंपी. बाप जालन्याच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे कपडे शिवायचा. छावणी उठली, साहेब गेले, आणि बापाकडं राहिले जाड कागदाचे कॉलरचे नमुने. तेच मास्टरला वारशात मिळाले. दुकानात एका खिळ्याला ते टांगलेले असायचे, ज्याच्या गळ्यावरून कापले त्याच्या हुद्द्यानं ओळखले जाणारे. मेजर, डॉक्टर, पाद्री आणि बटलर. मेजर म्हणजे लांब टोकांची कॉलर. डॉक्टर गोल टोकांची. पाद्री बिनटोकांची, नुसती उभी पट्टी. बटलर म्हणजे बुटकी, घट्ट मिटलेली, टोकं असून नसल्यासारखी.

सगळ्या गावाला मेजर पाहिजे असायची. मुंबईला जाऊन आलेला एखादा अडत्या लांब टोकांची कॉलर घालून बाजारातून फिरला, की आठवडाभर मास्टरकडं रीघ. मास्टर प्रत्येकाला विचारायचा, "काम काय करता?" आणि मेजर खिळ्यालाच राहू द्यायचा. शाळामास्तरांना डॉक्टर. त्याचं म्हणणं होतं, गोल कॉलर बघून पोरं खरं बोलतात. वकिलांना पाद्री, कारण वरून काळा झगा येतो आणि टोकं आत चुरगळतात. एक वकील माप देताना तोंडच उघडेना. मास्टर म्हणाला, "सायेब, जज्जसमोर बोलता तसं बोला." वकील म्हणे, मी कमी बोलतो. मास्टरनं टेप गुंडाळली आणि म्हणाला, "मंग कॉलर कशाला? मफलर घ्या." वकील दुसऱ्या शिंप्याकडं गेला. पुढं त्याची वकिली चालली नाही. मास्टरनं यात आनंद मानला नाही, फक्त सांगताना दर वेळी तो वकील आणखी थोडा कमी बोलायला लागला.

स्वतः मास्टर कॉलर घालायचा नाही. बिनगळ्याची बंडी, बारा महिने. त्याची बायको दुकानाच्या उंबऱ्याशी बसून काज करायची, बटणं लावायची. तिला सगळा गाव काकू म्हणायचा. ती एकदा मला म्हणाली, "बापू, इचारा की यांना, गावाला कॉलरा घालू राह्यले, स्वतःला कामून न्हाई?"

मास्टर मशीन न थांबवता म्हणाला, "मला कुठं कोणाला जी म्हणायचं राह्यतं?"

"म्हणून बघा एखाद्या दिवशी," काकू म्हणाली. "घरातच म्हणा. मी शिवून देते."

मास्टरनं दोरा तोडला आणि विषय संपला. काकूपुढं त्याचे विषय बरेचदा असेच संपायचे.

त्याची एक शिस्त मात्र फार कडक होती. कोणाचा जीचा आकडा कोणाला सांगायचा नाही. लोक खोदून विचारायचे, अमक्या कारकुनाचा फरक किती, तमक्या गिरदावराचा किती. मास्टर म्हणायचा, "डॉक्टर सांगतो का, कोणाला काय आजार हाय?" आणि वही गादीखाली सरकवून तिच्यावर बसायचा. दुसरा अभिमान म्हणजे तीस वर्षांत त्याची एकही कॉलर परत आलेली नव्हती. आवळली नाही, काचली नाही, बटण तुटलं नाही. हे तो रोज कोणाला ना कोणाला सांगायचा. कोणी नसलं तर मला खिडकीतून सांगायचा.

शिस्त त्यानं एकदाच मोडली, आणि ती तहसीलदार साहेबांच्या बाबतीत.

साहेब नवीन बदलून आलेले. शेरवानीखालचे शर्ट शिवायचे म्हणून मास्टरला बंगल्यावर बोलावणं आलं. शेरवानीच्या गळ्यातून आतल्या शर्टाची पांढरी कड तांदळाच्या दाण्याएवढी दिसली पाहिजे, हा त्या काळचा दस्तूर. जास्त दिसली तर माणूस शेखीखोर, नाहीच दिसली तर आतला शर्ट मळका. तेव्हा माप बराबर लागणारच. मास्टर टेप आणि वही घेऊन गेला आणि दीड तासानं परत आला. आला तो दुकानात न बसता सरळ माझ्या खोलीत, हे त्यानं आधी कधी केलं नव्हतं. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मुन्शी, एक सांगू का? कोणाला बोलू नका."

त्यानं साहेबांच्या गळ्याभोवती टेप टाकली आणि सवयीनं म्हणून गेला, "सरकार, बोला." साहेबांनी विचारलं, काय बोलू. मास्टरनं आपली रीत समजावून सांगितली. साहेब म्हणाले, इथं मी कोणाला जी म्हणू, सगळे मला म्हणतात. मास्टर म्हणाला, "अव्वल तालुकदार साहेब औरंगाबादेहून दौऱ्यावर येत असतील ना, सरकार?"

साहेबांनी दाराकडं बघितलं. मग त्यांनी शिपायाला बाहेर पाठवलं. पंखा ओढणाऱ्यालाही पाठवलं. दार लोटून घेतलं. आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "जी, हुजूर."

"पाऊण इंच," मास्टर मला म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पाऊण इंच, मुन्शी. शिपायाचा पाव इंच, कारकुनाचा पाव इंच, पेशकाराचा अर्धा. मी समजून राह्यलो होतो, वर वर गेलं की गळा मोकळा होत आसंल. हे तर उलटंच निघालं. बिचाऱ्यानं दार लावून घेतलं हो."

त्या दिवशी त्यानं मशीन चालवलं नाही. नुसता खिळ्यावरच्या नमुन्यांकडं बघत बसला.

मग माझा नंबर आला. साहेबांची माझ्यावर मर्जी बसली आणि साहेबांचे कागद सांभाळणारे पेशकार एक दिवस म्हणाले, "अगल्या हफ्त्यात तुझा हुकूम निघतोय. नीट कपडे घालून ये, साहेबांसमोर उभं राहायचंय." मी पांढरं लठ्ठ्याचं कापड घेतलं आणि मास्टरपुढं ठेवलं.

"मेजर," मी म्हणालो.

"बटलर," मास्टर म्हणाला.

मला राग आला. आता सांगायला हरकत नाही, चांगलाच आला. दोन वर्षं याच्या भिंतीआड झोपलो, याच्या बायकोला विहिरीचं पाणी भरून दिलं, याचा तोच तो अभिमान रोज ऐकला, आणि हा मला नोकराची कॉलर देतो. मी म्हणालो, "मास्टर, माझं लग्न आहे या शर्टावर."

"लग्नाला शेरवानी घालताल. हा शर्ट कचेरीसाठी हाय," तो शांतपणे म्हणाला. "मेजर उभा राह्यतो. तुमी दिवसभर वाकून लिहिता. वाकल्यावर मेजरची टोकं हनुवटीत घुसतात. मंग तुमी मान वर कराल. कचेरीत मान वर केलेला उमेदवार कधी कायम झालेला बघितला का तुमी?"

नव्हता बघितला. मी गळा पुढं केला. त्यानं टेप टाकली, बोट सरकवलं. "बोला."

"जी सरकार," मी म्हणालो.

त्यानं भुवया उचलल्या. "पुन्यांदा. सायेब चिडलाय."

"जी सरकार."

"सायेब कागद फेकून मारू राह्यलाय."

"जी सरकार."

मास्टरनं टेप काढली, चष्मा पुसला, पुन्हा टेप टाकली. मी पुन्हा तीनदा म्हणालो. मग त्यानं वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली. गप्प चौदा. जी चौदा.

"तुमचा गळा जीला हलतच न्हाई," तो म्हणाला. "तीस वर्षांत असा गळा पहिल्यांदा बघू राह्यलो. तुमी लई वर जाल, मुन्शी."

मला, खरं सांगतो, आनंद झाला. रात्री आष्टीला वडिलांना पत्र लिहिलं त्यात हेही लिहिलं. काकूनं मात्र काजाची सुई थांबवून माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "बापू, जरा जेवत जा." जीला न हलणारा गळा तिला चांगलं लक्षण वाटला नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

कॉलर चौदाला कापली गेली. ढिलाई ठेवायचं कारणच नव्हतं. बुटकी, मिटलेली, आत कडक बक्रमचं कापड घातलेली कॉलर. काकूनं बटण चार वेळा गुंडाळून पक्कं लावलं. घालून बघितलं तर असं बसलं की गळ्यात काही आहे हे कळेना. मेजर विसरूनच गेलो मी.

ठरल्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो. मेजावर दोन कागद होते. एक माझा कायम करण्याचा हुकूम, सहीविना. दुसरा एक पंचनामा. तो मी ओळखला, कारण तो माझ्याच अक्षरातला होता.

महिन्याभरापूर्वी एका गावी विहिरीचा तंटा झाला होता. एका म्हातारीचं शेत, शेजारी एका मोठ्या घरच्या माणसाचं शेत, आणि विहीर कोणाच्या हद्दीत हा वाद. कारकुनाबरोबर मीच गेलो होतो. कारकून बाभळीखाली बसला आणि मी पावलं टाकली. बांधापासून आत बावीस पावलं, म्हातारीच्या शेतात. पावलं टाकून झाल्यावर म्हातारीनं त्याच विहिरीचं पाणी काढून दिलं. पाणी गोड होतं. पंचनाम्यात मी लिहिलं ते एवढंच, विहीर बांधाच्या आत बावीस पावलांवर. पाणी गोड आहे हे लिहायला रकाना नव्हता.

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "मुन्शी, ये फिरसे लिखना है. कुआँ बाहर है." आवाज नेहमीचा, चढा नाही. पेशकारांनी मला बाजूला घेऊन समजावलं. विहीर बांधाबाहेर लिहायची, तारीख जुनी टाकायची, अक्षर तेच पाहिजे म्हणून तूच लिहायचं. लिहून झालं की साहेब हुकुमावर सही करतील. कागद संध्याकाळी औरंगाबादला जायचेत, जल्दी कर.

"जी सरकार," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू, म्हणालो. सवयीनं निघालं. कॉलर जागची हलली नाही. मी खाली बसलो, मेजावरचा टाक शाईत बुडवला, वरती गावाचं नाव लिहिलं, तारीख टाकली, पंचांची नावं लिहिली. पुढचा शब्द विहीर. तिथं हात थांबला. म्हातारीचं तोंड आठवलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. तीर्थपुरीचं ते अंगण आठवलं. तुमी कचेरीत काय लिहिता? जे असतं ते.

मी वर बघितलं. साहेब मेजापलीकडून माझ्या कागदाकडं बघत होते. शेरवानीच्या गळ्यातून मास्टरनं शिवलेल्या शर्टाची कड दिसत होती, तांदळाएवढी, बराबर. त्या कडेच्या आत पाऊण इंच जागा आहे हे त्या कचेरीत फक्त मला माहीत होतं. त्यांचा हा हुकूम त्यांचा नव्हताच. वरून कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी दार लोटून जी हुजूर म्हटलं होतं. आता ते माझ्याकडं आलं होतं. मी कोणाकडं पाठवणार? माझ्याखाली कोणी नव्हतंच. मला साहेबांचा राग यायला पाहिजे होता, पण आली ती कीव, आणि त्याहून जास्त भीती, की चाळीस वर्षांनी मीही कोणालातरी असाच कागद सरकवीन.

"लिखा?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

कडक उर्दू बोलणाऱ्या कचेरीत माझ्या तोंडून आष्टीचं न्हाई निघालं. आणि त्याबरोबर गळ्याशी कट्‌ असा आवाज झाला. बटण तुटून मेजावर पडलं, तिथून घरंगळत माझ्या हुकुमापाशी गेलं आणि थांबलं. कॉलर दोन्हीकडं उघडी पडली. साहेबांनी बटणाकडं बघितलं, मग माझ्या गळ्याकडं, आणि का कोण जाणे त्यांचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. मग त्यांनी माझा हुकूम उचलला, दोनदा घडी घातली आणि खणात टाकला. शिपायानं बटण उचलून अदबीनं माझ्या हातात दिलं. तेवढं घेऊन मी बाहेर पडलो.

कचेरीपासून दुकानापर्यंत पावणेदोनशे पावलं. ती मी मोजली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दोन वर्षं गेली, हुकूम गेला, शेरवानी गेली, म्हणजे तारीख गेली. वडिलांना काय लिहायचं ते कळेना. डोळ्यांत पाणी होतं, लाज कसली त्यात.

मास्टर मशीनवर होता. त्यानं मान वर केली, माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, सरळ गळ्याकडं बघितलं. मशीन थांबलं.

"बटण?"

मी मूठ उघडून दाखवलं. त्याचा चेहरा पार उतरला. दोन वर्षांत मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. "कधी तुटलं?"

"मास्टर, माझी नोकरी गेली."

"ते सांगा मंग. बटण कधी तुटलं? कोणत्या शब्दाला?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी दोन वर्षांत न बोललेलं सगळं बोललो. म्हणालो, आग लागो तुमच्या बटणाला. इथं माझं लग्न मोडलं, घरी तोंड दाखवायला जागा नाही, आणि तुम्हाला तीस वर्षांची कॉलर पडलीय. तुम्हीच म्हणालात ना, लई वर जाल. गेलो वर. काकू उंबऱ्यातून उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मास्टर सगळं ऐकून घेत होता. माझा दम संपल्यावर त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण हळू. "कोणत्या शब्दाला, मुन्शी?"

"न्हाई म्हणालो," मी सांगितलं. "विहीर आत आहे, बाहेर लिहा म्हणाले. मी न्हाई म्हणालो."

मास्टरनं बटण माझ्या हातातून घेऊन चष्म्याजवळ धरलं. मग म्हणाला, "चूक माझी हाय."

"तुमची कसली चूक?"

"तीस वर्ष माप घेऊ राह्यलो. गप्पचं घेतलं, जीचं घेतलं. न्हाईचं कधी घेतलंच न्हाई." तो उठला, गळ्यातली टेप काढली. "कोणी म्हणंल असं वाटलंच न्हाई."

"यांना वाटणार कसं?" काकू म्हणाली. "घरात रोज ऐकतेत, त्याचं माप कधी घेतलं का?"

मास्टरनं माझ्या गळ्याभोवती टेप टाकली, बोट सरकवलं. "म्हणा."

"आता कशाला, मास्टर? नोकरी राहिली नाही, कॉलर काय करू?"

"गळा तर राह्यला ना. म्हणा."

"न्हाई."

"असं न्हाई. सायबाला म्हणलं तसं."

मी म्हणालो. समोरचा पानवाला चुन्याचं बोट तसंच धरून बघायला लागला. मास्टरनं पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा टेप बघितली. "सव्वा पंधरा," तो पुटपुटला. "चौदाचे सव्वा पंधरा."

त्या मापाची कॉलर मी दोन वर्षांनी लग्नात घातली, शेरवानीशिवाय. मुलगी तीच. तिच्या वडिलांनी तारीख काढायला साफ नकार दिला होता. पण नोकरी कशी गेली हे आष्टीच्या बाजारातून फिरत फिरत तीर्थपुरीला पोचलं, आणि मुलीनं दुसरी स्थळं बघायची बंद केली. दोन वर्षं बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी कंटाळला तो बाप. विहीरही म्हातारीकडंच राहिली. दुसऱ्या उमेदवारानं पंचनामा लिहून दिला, पण त्याचं अक्षर मिसलीतल्या, म्हणजे त्या तंट्याच्या फायलीतल्या, बाकी कागदांशी जुळेना, आणि वरच्या कचेरीनं तो परत धाडला. हे मला फार उशिरा कळलं. मी तोवर जालन्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागलो होतो. तिथं नुसत्या सदऱ्यावर काम करायचे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मास्टरनं गादीखालून वही काढली आणि माझं नाव शोधलं. नावापुढं दोन रकाने, दोन्हींत चौदा. सव्वा पंधरा लिहायला जागा नव्हती. त्यानं पट्टी घेतली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि तिसऱ्या रकान्याची रेघ ओढायला लागला. माझ्या नावाशी थांबला नाही. रेघ पानाच्या तळापर्यंत नेली. पान उलटलं, पुढच्या कोऱ्या पानावर तशीच ओढली, त्याच्या पुढच्यावर तशीच. मी तांब्या हातात धरून बघत होतो.

"एका माणसासाठी एवढ्या रेघा कामून, मास्टर?"

"येईल की कोणी," तो मान वर न करता म्हणाला. "मंग ऐनवेळी पट्टी कुठं शोधत बसू?"